कडक हिवाळा, हरणं आणि शिकार: मिनेसोटातल्या मराठी घरांत नेहमी निघणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की मिनेसोटात पेट्रोल पंपांवर भडक नारिंगी जाकिटं घातलेले शिकारी दिसू लागतात, आणि मराठी घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. एवढ्या बर्फात ही हरणं जगतात कशी? आणि जगणंच इतकं अवघड असताना वर त्यांची शिकार कशासाठी? पुढची उत्तरं मुख्यतः उत्तर मिनेसोटातल्या व्हाइटटेल हरणांबद्दल आहेत. मध्ये वायोमिंग राज्यातल्या म्यूल डिअर या दुसऱ्या जातीच्या हरणाचा दाखला येतो, कारण 2022-23 च्या हिवाळ्यात तिथे जे झालं ते पाहिल्याशिवाय हा विषय पुरता कळत नाही.

हरणं थंडीने गारठून मरतात का?

सहसा नाही. 2 फेब्रुवारी 1996 ला मिनेसोटातल्या टॉवर गावाजवळ उणे 60 अंश फॅरेनहाइट, म्हणजे उणे 51 सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. राज्यातला तो आजवरचा नीचांक आहे. त्या रात्रीही त्या जंगलात हरणं होती आणि त्यातली पुष्कळशी सकाळी जिवंत होती. हिवाळ्यात त्यांच्या अंगावर राखाडी, दाट केस येतात. वरचे राठ केस आतून पोकळ असतात, खाली मऊ लोकरीसारखा थर असतो. पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, इतकी ऊब आत अडकलेली असते.

मारते ती भूक, आणि तीसुद्धा एका दिवसाची नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओकची फळं, शेतातला मका, हिरवा पाला खाऊन हरीण अंगावर चरबी चढवतं. मग डिसेंबरपासून ते आपणहून कमी खातं आणि कमी हिंडतं. बंदिस्त हरणांपुढे भरपूर चारा ठेवला तरी हिवाळ्यात त्यांचं खाणं घटतं, म्हणजे ही सवय शरीरातच मुरलेली आहे. मार्चपर्यंत वजन वीस टक्क्यांनी उतरणं ही नेहमीची गोष्ट. तीस टक्क्यांच्या आसपास गेलं की जिवाशी गाठ. दुष्काळी भागातला शेतकरी कडब्याची गंजी पहिल्या पावसापर्यंत पुरवत नेतो, तशी ही चरबी पहिल्या हिरव्या कोंबापर्यंत पुरवायची असते. पाऊस लांबला की गोठ्यात जे होतं, तेच वसंत लांबला की जंगलात होतं.

मग बर्फाचा त्यात काय वाटा?

मोठा. चाळीस-पन्नास सेंटीमीटर भुसभुशीत बर्फ म्हणजे हरणाच्या पोटापर्यंत किंवा छातीपर्यंत. अशा बर्फात प्रत्येक पाऊल उडी मारून टाकावं लागतं आणि साठवलेली चरबी भराभर खर्च होते. खाली पडलेलं अन्न गाडलं जातं, उरतात फक्त झुडपांच्या काड्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसा थोडं वितळून रात्री पुन्हा गोठलं की बर्फावर कडक पापडी धरते. लांडग्याचे रुंद पंजे त्या पापडीवरून चालतात. हरणाचा टोकदार खूर ती फोडून आत रुततो.

हिवाळा 'कडक' होता हे ठरवतं कोण?

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा, म्हणजे डीएनआरचा, हिवाळी तीव्रता निर्देशांक आहे. 1 नोव्हेंबर ते 31 मे या काळात ज्या दिवशी तापमान शून्य फॅरेनहाइटला किंवा खाली उतरेल त्या दिवसाचा एक गुण. ज्या दिवशी जमिनीवर 15 इंच, म्हणजे 38 सेंटीमीटर किंवा जास्त बर्फ असेल त्या दिवसाचाही एक गुण. दोन्ही एकाच दिवशी झालं तर दोन. हंगामअखेर बेरीज 100 च्या खाली राहिली तर हिवाळा सौम्य, 180 च्या वर गेली तर कडक.

पद्धत सोपी आहे आणि म्हणूनच उपयोगाची. तिच्या मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. बर्फावर पापडी धरली होती का हे ती सांगत नाही. 15 डिसेंबरचा बर्फ आणि 15 एप्रिलचा बर्फ दोघांना ती सारखाच गुण देते. डिसेंबरात हरीण धष्टपुष्ट असतं, एप्रिलात हाडांवर आलेलं असतं. माझ्या मते एकूण बेरजेइतकंच लक्ष बर्फ कधी हटला या तारखेकडे द्यायला हवं. 2022-23 मध्ये उत्तर मिनेसोटातल्या डुलुथ शहरात हंगामभरात 140.1 इंच बर्फ पडला, म्हणजे साडेतीन मीटरहून थोडा जास्त. 1995-96 चा विक्रम त्याने मोडला. लगेच पुढचा 2023-24 चा हिवाळा राज्याच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. हरणांचं आयुष्य अशा टोकांमध्ये झुलतं.

सगळ्यात आधी कोण मरतं?

पाडसं. मे-जूनमध्ये जन्मलेलं पाडस नोव्हेंबरपर्यंत उंचीला बरंच वाढलेलं दिसतं, पण त्याने खाल्लेलं सगळं हाडं आणि स्नायू वाढवण्यात गेलेलं असतं. चरबी थोडी, पाय आखूड, आणि लहान शरीर आपली उष्णता मोठ्या शरीरापेक्षा लवकर गमावतं.

त्यांच्यामागोमाग वयस्क नर. नोव्हेंबर हा माजाचा काळ. मोठे नर त्या आठवड्यांत खाणं जवळपास सोडून माद्यांमागे धावतात, एकमेकांशी झुंजतात आणि ऐन हिवाळ्याच्या तोंडाशी रिकामे होतात. प्रौढ माद्या सर्वांत चिवट. तरी उत्तर मिनेसोटात रेडिओ पट्टे लावून केलेल्या अनेक वर्षांच्या अभ्यासात प्रौढ माद्यांचा हिवाळी मृत्युदर सौम्य वर्षी दोन टक्क्यांच्या आसपास, तर अतिकडक वर्षी जवळपास तीस टक्के निघाला. माद्या मरू लागल्या की समजावं, हिवाळा खरोखर वाईट होता.

वायोमिंगला 2022-23 मध्ये काय झालं?

पश्चिम वायोमिंगमधली म्यूल डिअर उन्हाळा डोंगरात काढतात आणि हिवाळ्यात खाली सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळावर उतरतात. काही हरणं रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत सुमारे 240 किलोमीटरचं स्थलांतर करतात. खाली उतरायचं कारण साधं: तिथे वारा बर्फ उडवून नेतो आणि झुडपांची टोकं उघडी राहतात. त्या वर्षी बर्फ लवकर आला, खोल साचला, वर पापडी धरली आणि वसंतातही हटेना. झुडपं गाडली गेली.

वायोमिंग रेंजच्या कळपावर वायोमिंग विद्यापीठाचे संशोधक वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहेत. पट्टे लावलेल्या प्रौढ माद्यांपैकी सुमारे 70 टक्के त्या हिवाळ्यात गेल्या. पट्टे लावलेलं एकही पाडस वाचलं नाही. एका वर्षाची अख्खी पिढी नाहीशी झाली आणि पुढची पिढी जन्माला घालणाऱ्या बहुतेक आयाही गेल्या. याच माळरानांवर तेल-वायूच्या विहिरी, कुंपणं आणि महामार्ग आहेत. अशक्त जनावराला एका कुंपणाला वळसा घालायचीही किंमत मोजावी लागते, हे तिथल्या संशोधकांनी वारंवार दाखवलंय. बर्फ कुणाच्या हातात नव्हता, पण त्या वाटा मोकळ्या ठेवणं माणसाच्याच हातात आहे.

राज्याने शिकारीचे परवाने मोठ्या प्रमाणावर कापले. कित्येक शिकाऱ्यांनी स्वतःच ते आणखी कापा म्हणून सांगितलं, हे आपल्याकडच्या वाचकांना कदाचित आश्चर्याचं वाटेल.

एवढी हरणं मरत असताना शिकार चालूच का ठेवतात?

कारण शिकारीत कोणतं जनावर मारलं जातं यावर सगळं अवलंबून आहे. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढच्या जूनमध्ये जन्मणाऱ्या पाडसांची संख्या फारशी बदलत नाही. मादी मारली तर तिच्याबरोबर पुढची पाडसंही जातात. चांगल्या स्थितीतली मादी बहुधा जुळी देते. म्हणून कडक हिवाळ्यानंतर खातं आधी माद्यांचे परवाने कमी करतं. काही विभागांत फक्त नर मारायची परवानगी उरते. सौम्य हिवाळे आले की माद्यांचे परवाने पुन्हा वाढवतात, नाहीतर हरणं जंगलातली रोपटी आणि शेतातलं पीक फस्त करतात.

याची शिस्त मिनेसोटा कडू अनुभवातून शिकला. 1960 च्या दशकाच्या शेवटी लागोपाठ कडक हिवाळे आले, शिकारीवर आजच्यासारखं विभागवार नियंत्रण नव्हतं, आणि 1971 मध्ये राज्याला बंदुकीच्या शिकारीचा हंगाम पूर्ण बंद ठेवावा लागला. 2003 मध्ये शिकाऱ्यांनी सुमारे 2,90,000 हरणं मारली, तो राज्याचा उच्चांक. 2012-13 आणि 2013-14 हे दोन हिवाळे वाईट गेल्यावर 2014 मध्ये परवाने इतके आवळले गेले की आकडा सुमारे 1,39,000 वर आला. त्या शरदात पुष्कळ घरांचा फ्रीझर रिकामा राहिला. उत्तर मिनेसोटात हरणाचं मांस ही अनेक कुटुंबांची वर्षभराची बेगमी असते, तेव्हा हा त्याग लहान समजू नये.

हिवाळ्यात मरणारच होती, तर आधी मारलेली काय वाईट?

हा युक्तिवाद शिकाऱ्यांकडून ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. जिथे हरणं चाऱ्याच्या मानाने फार झाली आहेत, तिथे नोव्हेंबरात काही कमी झाली तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त काड्या येतात आणि त्यांची जगण्याची शक्यता वाढते. मोठ्या मरानंतर वाचलेल्या माद्या पुढच्या उन्हाळ्यात जास्त धष्टपुष्ट होतात, तेही याच कारणाने.

पण हा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. हरणं आधीच विरळ असलेल्या ईशान्य मिनेसोटात नोव्हेंबरात गोळी लागलेली प्रौढ मादी ही बहुधा तीच असते, जी हिवाळा तरून गेली असती. कडक हिवाळा नेमक्या याच चिवट माद्यांच्या भरवशावर पार पडतो. शिवाय शिकार नोव्हेंबरात होते आणि हिवाळा कसा जाईल हे मार्चमध्ये कळतं. आधी शिथिलता देऊन मागाहून पस्तावण्यापेक्षा वाईट हिवाळ्यानंतर निदान दोन हंगाम माद्यांना हात न लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दोनच हंगाम का? परिणाम किती दिवस राहतो?

जून 2022 मध्ये जन्मलेलं पाडस मार्च 2023 मध्ये मेलं, तर नोव्हेंबर 2023 मध्ये दीड वर्षाचा तरुण नर दिसायला हवा होता तिथे खड्डा पडतो. शिकाऱ्यांना मिळणाऱ्या नरांत याच वयाचे बरेच असतात, त्यामुळे तो खड्डा सगळ्यांना जाणवतो. त्याच हिवाळ्यात गाभण असलेली मादी जगली तरी तिची चरबी संपलेली असते. जूनमध्ये तिचं पाडस कमी वजनाचं जन्मतं, दूध कमी मिळतं, काही पाडसं पहिल्याच दिवसांत जातात. म्हणजे नोव्हेंबर 2024 मधलीही तरुण हरणं रोडावतात. त्यातली जी नर पिल्लं तगतात, त्यांची शरीरं आणि शिंगं पुढेही लहान राहू शकतात. आईची उपासमार लेकराच्या अंगावर वर्षानुवर्षं दिसते.

हे सगळं लांडग्यांमुळे होतं असं शेजारी म्हणतात. खरं का?

मिनेसोटात अंदाजे 2,700 ते 2,900 लांडगे आहेत आणि एक लांडगा वर्षाला साधारण पंधरा ते वीस हरणं खातो असं धरलं जातं. हा आकडा छोटा नाही. खोल बर्फ आणि पापडीच्या वर्षी त्यांची शिकार सोपी होते, हेही खरं. हरणं कमी झालेल्या भागात लांडग्यांमुळे भरून यायला वेळ लागू शकतो, ही शिकाऱ्यांची तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे.

तरीही 1990 च्या दशकाच्या मध्याला दोन भीषण हिवाळे येऊन गेल्यावर, लांडगे असतानाच, हरणं इतकी वाढली की 2003 चा विक्रम झाला. मधली काही वर्षं सौम्य हिवाळ्यांची होती. चढउतार हिवाळा ठरवतो. लांडगा त्यात भर घालतो.

आमच्या परसात हरणं येतात. हिवाळ्यात मका घातला तर?

कृपया घालू नका. दाराशी आलेल्या भुकेल्या जिवाला काहीतरी द्यावं ही वृत्ती चांगली आहे, म्हणूनच हे नीट समजून घ्यावं.

हरीण रवंथ करणारं जनावर आहे. कोठीपोटातले सूक्ष्मजीव ऋतूप्रमाणे बदलतात आणि जानेवारीत ते काड्या, साली पचवण्यासाठी जुळलेले असतात. अचानक पोटभर मका गेला की आम्ल झपाट्याने वाढतं आणि एक-दोन दिवसांत हरीण मरू शकतं, भरल्या पोटी. गावाकडे गाय सुटून धान्याच्या पोत्यावर तुटून पडली की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सूक्ष्मजीवांची नवी जुळणी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

दुसरं कारण रोग. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, मेंदू पोखरणारा आजार पहिल्यांदा 1967 मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त म्यूल डिअरमध्ये दिसला. मिनेसोटाच्या रानातली पहिली बाधित मादी 2010 च्या शिकारीत सापडली. लाळ, मूत्र आणि विष्ठेतून तो पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्यावर उपचार नाही. एका ढिगावर तोंड घालणारी पंधरा हरणं म्हणजे त्याला आमंत्रण. राज्यातल्या अनेक काउंटींत म्हणूनच चारा घालायला कायद्याने बंदी आहे. त्याशिवाय घराजवळ बोलावलेली हरणं रस्ते ओलांडतात आणि गाड्यांखाली येतात.

2014 च्या मार्चमध्ये खात्याने स्वतः काही भागांत तातडीचा चारा पुरवला, मिनेसोटा डिअर हंटर्स असोसिएशनच्या मदतीने. पैसा शिकारी परवान्यांमागे बाजूला काढलेल्या 50 सेंटमधून उभा राहिलेला होता. तो तयार खुराक होता, मका नव्हता. तरीही खात्याच्या जीवशास्त्रज्ञांना त्याने एकूण संख्येवर फरक पडेल असं वाटत नव्हतं. रानभर विखुरलेल्या लाखो हरणांपर्यंत पोत्यांनी पोहोचता येत नाही.

मग मदत करायची तरी कशी?

हिवाळी आसरा राखून. खोल बर्फात हरणं दाट सूचिपर्णी झाडीत गोळा होतात, विशेषतः पांढऱ्या सीडरच्या. शिकारी त्या जागांना 'यार्ड' म्हणतात. वरचा पर्णसंभार बर्फ अडवतो, वारा थोपवतो, खाली सगळ्यांनी मिळून तुडवलेल्या पायवाटा असतात आणि सीडरचा पाला हा चांगला चाराही आहे. पिढ्यान्‌पिढ्या हरणं त्याच यार्डात येतात. अडचण अशी की सीडरची कोवळी रोपं हीच हरणं खाऊन टाकतात. जुनी झाडं तुटतात आणि त्यांच्या जागी नवी उभी राहत नाहीत. रोपांना जाळीचं कुंपण घालून वर्षानुवर्षं जपणं हे कंटाळवाणं काम आहे, पण एका सीडरच्या राईने जितकी हरणं वाचतील तितकी मक्याच्या शंभर पोत्यांनी वाचणार नाहीत.

तुमच्या-माझ्यापुरतं बोलायचं तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कुत्रा पट्ट्यावर ठेवा, स्नोशू किंवा स्नोमोबिल घेऊन यार्डात शिरू नका, आणि गळलेली शिंगं गोळा करायची हौस बर्फ हटेपर्यंत आवरा. हरीण दचकून पळालं की त्याने वाचवलेली चरबी उगाच खर्च होते. वायोमिंगच्या पश्चिम भागात याच कारणाने 1 मे पर्यंत शिंगं उचलायला बंदी असते.

हिवाळे उबदार होत चाललेत. हरणांसाठी चांगलंच ना?

हरणांसाठी, बऱ्याच अंशी होय. पण ईशान्य मिनेसोटाचं जंगल मुळात व्हाइटटेलचं नव्हतंच. तिथे मूस हे अवाढव्य हरीण आणि वुडलँड कॅरिबू, म्हणजे जंगलातले रेनडिअर, होते. जंगलतोडीनंतर कोवळी झाडी वाढली आणि हरणं उत्तरेकडे सरकली. कॅरिबू 1940 च्या दशकात राज्यातून नाहीसे झाले. हरणांच्या अंगात एक मेंदूकृमी असतो, जो त्यांना फारसा त्रास देत नाही पण मूसला मारतो. सौम्य हिवाळ्यात हरणं वाढली की हा कृमीही पसरतो, आणि उबदार वर्षी मूसच्या अंगावर हजारोंनी गोचिडं चढतात. 2006 मध्ये सुमारे 8,800 मूस होते. पुढच्या काही वर्षांत ते निम्म्यावर आले आणि 2013 मध्ये राज्याने मूसची शिकार थांबवली. कडक हिवाळ्याचं दुःख करताना मला मूस नेहमी आठवतो, कारण तोच हिवाळा त्याचं कुंपण होता.

भारतात असं कुठे घडतं?

महाराष्ट्रात नाही. ताडोबा-मेळघाटातल्या चितळ-सांबरांची कसोटी एप्रिल-मेमध्ये, पाणवठे आटल्यावर लागते. बर्फाशी झगडणारं आपलं हरीण म्हणजे काश्मीरचा हांगुल, जो हिवाळ्यात दाचीगामच्या खालच्या खोऱ्यात उतरतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे परवान्यांचा हा सगळा हिशेब इथे येतच नाही.

वसंतात रानात मेलेलं हरीण दिसलं तर ते उपाशी मेलं हे कसं कळतं?

पोट भरलेलं आहे म्हणून अन्न मिळालं होतं असं समजू नका. शेवटी शेवटी हरणं बाल्सम फर या सूचिपर्णी झाडासारखा निकस पालाही खातात, तो पोट भरतो पण पोसत नाही. जीवशास्त्रज्ञ मांडीचं हाड फोडून मज्जा बघतात. धडधाकट हरणाची मज्जा पांढरी आणि घट्ट असते, उपासमारीने मेलेल्याची लाल आणि जेलीसारखी. शरीर शेवटची चरबी हाडातूनच काढतं. तुम्ही स्वतः हे करायला जाऊ नका. हरीण अतिशय खंगलेलं, लाळ गाळणारं, माणसाला न घाबरणारं दिसलं असेल, किंवा एकाच जागी अनेक मेलेली आढळली, तर जागा नोंदवून डीएनआरच्या स्थानिक वन्यजीव कार्यालयाला कळवा. कुणी शेजारी शिकारीचं मांस भेट म्हणून देत असेल आणि तो भाग वेस्टिंग डिसीजचा असेल, तर तपासणी झाली का हे मोकळेपणाने विचारा. तिथले शिकारी या प्रश्नाचं वाईट वाटून घेत नाहीत.